नळ, ड्रेनेज आणि घरातली ओल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतल्या सोसायटीच्या फ्लॅटना धरून लिहिली आहेत. म्हणजे गच्चीवर टाकी, डक्टमधून खाली येणाऱ्या लाईनी आणि संकवर (स्लॅब खाली सोडून केलेल्या खोलगट जागेवर) बांधलेलं बाथरूम. बंगल्याला यातलं बरंचसं लागू पडतं. फरक असेल तिथे तसं सांगितलं आहे. एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येईल: पाणी कुठून येतंय हे पक्कं कळल्याशिवाय छिन्नी-हातोडा हातात घेऊ देऊ नका. चुकीच्या जागी फोडलेली लादी गळती तर थांबवत नाहीच, वर जुनं वॉटरप्रूफिंग खराब करते.

पाईप फुटून घरात पाणी चाललंय. सगळ्यात आधी काय करायचं?

आधी चावी, मग वीज, मग फडकी. बहुतेक फ्लॅटमध्ये गच्चीवरून येणाऱ्या लाईनी दोन किंवा तीन असतात: स्वयंपाकघराची, बाथरूमची आणि कधीकधी फ्लशची वेगळी. प्रत्येकीचा कॉक बाथरूमच्या माळ्यावर, ड्राय बाल्कनीत नाहीतर डक्टच्या खिडकीजवळ असतो. कोणता कॉक कोणत्या लाईनचा हे माहीत नसेल तर सगळे बंद करा. पाणी स्विचबोर्डच्या किंवा फरशीलगतच्या प्लगच्या जवळ पोचलं असेल तर कोरड्या जागी उभं राहून, कोरड्या हाताने मेन एमसीबी (घराची वीज तोडणारा मुख्य स्विच) खाली पाडा. एमसीबीपर्यंत जायला पाण्यातून चालावं लागत असेल तर तिकडे जाऊ नका. मीटर-रूममधून वीज बंद करून घ्या.

नंतर घरातला सर्वांत खालचा नळ उघडा, म्हणजे लाईनमध्ये उरलेलं पाणी तिथून निघून जाईल. गीझरचा स्विच बंदच ठेवा.

जुना पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसला की जाम होतो. त्याला पाना लावून जोर केला तर स्पिंडल तुटतो आणि मग गच्चीवरून अख्ख्या इमारतीची लाईन बंद करावी लागते. थोडं उलट, थोडं सुलट असं हळूहळू फिरवून सोडवा. नाहीच सुटला तर वॉचमनला सांगून टाकीवरची चावी बंद करा. पुढे जमेल तेव्हा त्या जागी पाव फेऱ्यात बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तो फिरवत चला.

जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाईपला बारीक भोक पडलं असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून दोन स्टीलच्या क्लिपा आवळल्या की रात्र निघते. सीपीव्हीसीला (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाईपला) चीर गेली असेल तर हा उपाय करू नका, आवळल्याने चीर वाढते.

नळ घट्ट बंद केला तरी ठिबकतो. वायसर बदलला की झालं का?

नळ जुन्या पद्धतीचा, तीन-चार फेरे फिरणारा असेल तर बहुधा हो. लाईन बंद करा, वरचा भाग पान्याने सोडवा आणि आतला अर्ध्या इंचाचा रबरी वायसर बदला. वायसर ज्या कडेवर टेकतो ती पितळी कड बोटाने चाचपून पाहा. तिला खाच पडली असेल तर नवा वायसरही महिनाभरात कापला जातो. अशा वेळी नळच बदलावा.

अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळात वायसर नसतो. त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्यांचं कार्ट्रिज असतं. ते दुरुस्त करत बसू नका, बदला. गरम आणि थंड नळाची कार्ट्रिज उलटसुलट फिरणारी असू शकतात, शिवाय मुठीत बसणाऱ्या दात्यांची संख्या कंपनीनुसार वेगळी असते. म्हणून जुनं कार्ट्रिज काढून दुकानात घेऊन जा. आतली खरी शत्रू असते बारीक रेती. टाकी धुतल्यानंतर पहिलं पाणी नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून वाहू दिलं तर कार्ट्रिज जास्त टिकतात.

किती पाणी जातंय याचा अंदाज हवा असेल तर नळाखाली मग ठेवून तासाभराने मोजा. तासाला एक लिटर भरलं तर दिवसाला 24 लिटर गटारात चाललं.

कमोडमध्ये सतत बारीक धार जाते. टाकी बदलावी लागेल?

बहुतेक वेळा लागत नाही. टाकीचं झाकण काढून पाण्याची पातळी पाहा. पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून आत पडत असेल तर दोष फ्लोट व्हॉल्व्हचा. फ्लोट असा लावा की पाणी नळीच्या तोंडाच्या दोन-अडीच सेंमी खाली थांबेल. पातळी बरोबर असूनही धार असेल तर टाकीत खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर फ्लश व्हॉल्व्हच्या तळाचा रबरी सील गेला आहे. क्षारांच्या पाण्यात तो लवकर कडक होतो.

वरच्या मजल्यावर प्रेशर येत नाही. पंप बसवू का?

आधी हिशेब पाहा. पाण्याची उंची 10 मीटर असली की दाब साधारण 1 किलो (दर चौरस सेंमीला) मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकीतलं पाणी शॉवरच्या जेमतेम साडेतीन-चार मीटर वर असतं, म्हणजे दाब 0.35 ते 0.4 किलो. चार मजले खाली तोच दीड किलोच्या वर जातो. त्यामुळे वरच्या मजल्यावर मोठा रेन शॉवर किंवा डायव्हर्टर लावून तक्रार करण्यात अर्थ नाही. तिथे प्रेशर पंप लागतोच, आणि तो टाकीतून येणाऱ्या लाईनवर, सोसायटीच्या परवानगीने लावायचा. महापालिकेच्या लाईनला थेट मोटर लावू नका. ते नियमबाह्य आहेच, शिवाय मोटरच्या ओढीने वाटेतल्या फुटक्या जोडांतून गटाराचं पाणी पिण्याच्या लाईनीत शिरतं.

प्रेशर पूर्वी होतं आणि आता कमी झालं असेल, तर एकाच नळाला की सगळ्या घराला ते बघा. एकाच नळाला असेल तर तोंडची जाळी काढून लिंबूसत्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा आणि अँगल कॉक (त्या नळाची भिंतीवरची छोटी चावी) पूर्ण उघडा आहे का ते पाहा. सगळ्या घराला असेल आणि लाईन जुनी जीआय असेल, तर पाईप आतून गंजून आणि क्षार बसून अरुंद झालेला असतो. तो साफ होत नाही. पाणी जाऊन-येऊन असलेल्या इमारतींत हवा अडकल्यानेही नळ फुसफुसतो. तेव्हा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात लांबचा नळ पूर्ण उघडून ठेवला की हवा निघून जाते.

सीपीव्हीसी लाईन नवीन टाकली तरी जोड गळतात. असं का होतं?

घाईमुळे. हे काम वरून सोपं दिसतं, म्हणूनच बिघडतं. पाईप सरळ कापायचा, आतली-बाहेरची कुसळं तासायची, फिटिंगमध्ये किती आत जाईल तिथे खूण करायची, ओलावा पुसायचा. सोल्युशन पाईपला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ लावायचं. आत जास्त लावलं तर ते पाईपमध्ये ओघळून भोक अरुंद करतं. मग लगेच आत ढकलून पाव फेरा द्यायचा आणि साधारण 30 सेकंद धरून ठेवायचं, नाहीतर पाईप हळूच मागे सरकतो. पाणी सोडायला किमान दोन तास थांबा, रात्रभर थांबलात तर उत्तम. डब्यातलं सोल्युशन घट्ट, दह्यासारखं झालं असेल तर टाकून द्या. त्यात थिनर घालून वापरलेला जोड टिकत नाही.

आणखी तीन चुका नेहमी दिसतात. एक, गीझरच्या गरम लाईनला यूपीव्हीसी वापरणं. हा पाईप थंड पाण्याचा, गरम पाण्याने तो मऊ पडून वाकतो. दोन, नळाच्या आट्यांवर प्लास्टिकचं फिटिंग लावणं. तिथे आतून पितळ बसवलेलं फिटिंगच हवं. तीन, टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळणं. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आठ-दहा वेढे द्या. उलटे दिले तर आवळताना टेप उलगडून बाहेर येते.

भिंतीत जाणारी लाईन लादी लावण्याआधी हातपंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी गेजचा काटा जागेवर आहे का ते बघा. मग टेप लावून, मापं दिसतील असे फोटो काढा. पुढे आरसा किंवा जाळी लावताना ड्रिल पाईपमध्ये जाऊ नये यासाठी हे फोटो फार कामाला येतात.

किचनचं सिंक तुंबलं आहे. घरी काय करता येईल?

सिंक तुंबतं ते तेला-तुपाने. गरम असताना ते वाहून जातं आणि पुढे थंड पाईपमध्ये थिजून चिकटतं. त्यावर चहाचा चोथा, भाताची शितं, कणकेचं पाणी बसत जातं. भांडी आधी कागदाने किंवा करवंटीच्या काथ्याने निपटून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं.

खाली बादली ठेवून बॉटल ट्रॅपची (सिंकखालच्या बाटलीसारख्या भांड्याची) वाटी हाताने सोडवा, पाना लागत नाही. आतला गाळ काढा, वाटी धुवा, रबरी वायसर जसा होता तसाच परत बसवा. तो तिरका बसला की तिथून ठिबकतं. ट्रॅप स्वच्छ निघाला, म्हणजे अडथळा पुढच्या पाईपमध्ये आहे. ट्रॅप परत लावून रबरी पंप वापरा. सिंकच्या वरच्या बाजूचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. सिंकमध्ये चार-पाच बोटं पाणी असू द्या आणि पंधरा-वीस वेळा सलग दाब द्या. ओढताना जास्त जोर लावा, कारण घट्ट बसलेला गोळा पुढे ढकलण्यापेक्षा मागे ओढल्याने लवकर सुटतो.

गरम पाणी ओतायचं तर हात भाजेल इतकं गरम चालेल, उकळतं नको. पीव्हीसी पाईप त्याने मऊ पडतो आणि मधे झोल आला की तिथे कायमचा गाळ साठतो.

एवढं करूनही पाणी सरकलं नाही तर स्प्रिंग मशीन लागेल. ते ट्रॅप काढून थेट पाईपमध्ये घालतात. सिंकच्या जाळीतून स्प्रिंग घालणाऱ्याला थांबवा, त्याने ट्रॅप फुटतो.

ड्रेन क्लीनर पावडर किंवा ॲसिड टाकलं तर चालेल?

ॲसिड नको. त्याने केस आणि तेल नीट विरघळत नाहीत. लादीच्या सांध्यातलं सिमेंट मात्र विरघळतं, आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या घरात ओल उतरते. बाथरूमच्या गळतीचं हे एक मोठं कारण आहे.

पावडरमध्ये मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. किंचित मंद झालेल्या मोरीत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत आणि वेळेत, हातमोजे आणि चष्मा घालून ती वापरायला हरकत नाही. पूर्ण तुंबलेल्या पाईपमध्ये मात्र टाकू नका. ती तिथेच दगडासारखी बसते आणि नंतर काम करणाऱ्याच्या हातावर व डोळ्यांत उडते. टाकली असेल तर प्लंबरला आधी सांगा. पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की पाणी उसळून अंगावर येतं. टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये हा वायू जिवावर बेतू शकतो.

तळमजल्यावर आमच्याच बाथरूममध्ये घाण पाणी उलटं येतं. दोष आमचा का?

बहुधा नाही. एकच बेसिन तुंबलं तर अडथळा त्या बेसिनच्या पाईपमध्ये. सगळीकडून, आणि सगळ्यात आधी मोरीच्या नहाणी ट्रॅपमधून (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी उभं राहणाऱ्या भांड्यातून) पाणी वर येत असेल तर अडथळा उभ्या लाईनीत किंवा बाहेरच्या चेंबरमध्ये (ड्रेनेजचे पाईप जिथे मिळतात त्या झाकणाच्या हौदात). वरचे लोक पाणी वापरत राहतात आणि ते सगळ्यात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे वरच्या सगळ्यांना पाणी थांबवायला सांगणं.

नंतर चेंबरचं झाकण उघडून दुरून पाहा. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मधे. या एका पाहणीने निम्मा खर्च वाचतो. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, बाहेरच्या लाईनीत शिरलेली पिंपळाची मुळं आणि कोणाच्या तरी फ्लॅटच्या नूतनीकरणात मोरीत ओतलेलं सिमेंटचं पाणी ही नेहमीची कारणं. सिमेंट पाईपमध्ये घट्ट झालं की जेटिंगनेही (जोराच्या दाबाने पाणी मारूनही) निघत नाही, तेवढा पाईप कापावा लागतो. एकच लाईन वर्षातून दोन-तीनदा तुंबत असेल तर पुन्हा पुन्हा स्प्रिंग मारण्यापेक्षा एकदा कॅमेरा घालून बघा. पाईपला उतार कमी आहे, जोड निसटला आहे की मुळं आहेत हे दिसतं.

चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवू नका. आत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतो, वास आला नाही तरी. जास्त प्रमाणातला हायड्रोजन सल्फाइड नाकाची जाणीवच बधिर करतो आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशा मृत्यूंची भरपाई 30 लाख रुपये केली. सोसायटीने ठेकेदाराला जेटिंग-सक्शनची गाडी आणायलाच सांगावं आणि तसं वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्यावं.

काही तुंबलेलं नाही, तरी मोरीतून वास येतो.

नहाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिमी पाणी कायम उभं असतं. गटाराची हवा तेच अडवतं. पाहुण्यांचं बाथरूम काही आठवडे वापरलं नाही की ते वाळतं. मगभर पाणी ओता. गावाला जाणार असाल तर वर चमचाभर खाद्यतेल टाका, पाणी उशिरा वाळेल. पाणी असूनही वास येत असेल तर ट्रॅपच्या आतली वाटी कोणी काढून टाकली आहे का ते पाहा. साफसफाई करताना ती हमखास हरवते.

छतातून ओल येते. वरच्यांचं म्हणणं, आमच्याकडे सगळं ठीक आहे. खरं कारण कसं शोधायचं?

गळती कधी वाढते आणि कधी थांबते, ते चार-पाच दिवस लिहून ठेवा. रात्रंदिवस सारखीच ठिबकत असेल तर पाण्याची लाईन. वरचे आंघोळ करतात किंवा फ्लश करतात तेव्हा पाच-दहा मिनिटांत वाढत असेल तर ड्रेनेजचा पाईप किंवा ट्रॅपचा जोड. वापरानंतर तासाभराने वाढून हळूहळू ओसरत असेल तर लादीचे सांधे आणि वॉटरप्रूफिंग. फक्त पावसात आणि बाहेरच्या भिंतीलगत असेल तर बाहेरची भेग, खिडकीची कड किंवा डक्टमधला पाईप.

मग चाचण्या, याच क्रमाने:

1. वरच्या फ्लॅटचे कॉक रात्री आठ तास बंद. ठिबकणं थांबलं तर दाबाची लाईन. पण त्या रात्री त्यांनी मोरीही वापरलेली नसते, म्हणून दुसऱ्या रात्री कॉक चालू ठेवून नुसतं बाथरूम बंद ठेवा. तेव्हा पुन्हा ठिबकलं तरच दाबाची लाईन पक्की.
2. फ्लशच्या टाकीत एक रंग. कमोडच्या जोडाखाली आला तर कारण सापडलं.
3. नहाणी ट्रॅपमध्ये दुसऱ्या रंगाच्या दोन बादल्या एकदम ओता. लगेच खाली उतरला तर ट्रॅपचा जोड.
4. शेवटी ट्रॅपला बूच मारून लादीवर तीन-चार सेंमी पाणी 24 तास उभं ठेवा. पातळी उतरली किंवा खाली ओल वाढली तर सांधे अथवा वॉटरप्रूफिंग.

डाग जिथे दिसतो त्याच्या वरच दोष असतो असं धरू नका. संकच्या कोब्यात (लादीखालच्या भरावात) शिरलेलं पाणी स्लॅबवरून सरकत जाऊन जिथे बारीक चीर असेल तिथे उतरतं. ती जागा खऱ्या दोषापासून दोन मीटर लांबही असू शकते.

खर्चाचं म्हणाल तर, राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाईप यांची दुरुस्ती संस्थेकडे असते. फ्लॅटमधल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती त्या सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. म्हणून चाचणीच्या वेळी वरचे, खालचे आणि समितीचा एक जण, असे तिघंही हजर राहू द्या. निकाल तिथेच कागदावर लिहून तिघांच्या सह्या घ्या. अर्धे तंटे इथेच मिटतात.

लादी न फोडता वॉटरप्रूफिंग होतं का?

दोष फक्त सांध्यांत असेल तर होतं. जुनं सिमेंट ग्राउट (लाद्यांच्या सांध्यातला भराव) दोन-तीन मिमी खोल खरवडून काढायचं, बाथरूम दोन दिवस पूर्ण वाळवायचं आणि इपॉक्सी ग्राउट भरायचं. ओल्या सांध्यावर इपॉक्सी धरत नाही; काम फसण्याचं मुख्य कारण हेच. ट्रॅपचा जोड, संकमधला पाईप किंवा भिंत-फरशीचा कोपरा गेला असेल तर नुसतं केमिकल ओतून काही होत नाही. कोबा काढून पाईप बदला, नव्याने वॉटरप्रूफिंग करा, आणि लादी लावण्याआधी किमान 48 तास पाणी उभं ठेवून खालच्या घरात जाऊन बघा. फरशीला मीटरमागे एक ते दीड सेंमी उतार ट्रॅपकडे हवा.

दुरुस्ती बरोबर होऊनही खाली दोन-तीन आठवडे ठिबकत राहू शकतं. कोब्यात साठलेलं पाणी उतरत असतं. दिवसागणिक कमी होत असेल तर थांबा, लगेच पुन्हा फोडू नका.

घर भिजलं. वाळवायचं कसं?

स्वच्छ पाणी असेल तर बुरशी धरायला एक-दोन दिवस लागतात, तेवढीच मुदत आपल्या हातात असते. पाणी वायपरने आणि वेट व्हॅक्यूमने काढा. ट्रॉली आणि कपाटांच्या तळाच्या पट्ट्या सोडवा, पाणी तिथेच लपतं. पीओपीच्या छताला फुगा आला असेल तर वीज बंद करून, खाली बादली ठेवून, स्क्रूड्रायव्हरने बारीक भोक पाडा. न पाडल्यास अख्खा तुकडा खाली येतो. लाकडी फर्निचर उन्हात ठेवू नका, ते पिळवटतं.

पावसाळ्यात खिडक्या उघडून घर वाळत नाही, बाहेरचीच हवा दमट असते. पाऊस चालू असेल तर खिडक्या बंद, एसी ड्राय मोडवर आणि पंखा भिंतीकडे. ऊन पडलं की खिडक्या उघडा.

गटाराचं किंवा पुराचं पाणी असेल तर गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) पसरतो आणि पायावरची बारीकशी जखम त्याला पुरते. पाण्यात उतरावं लागलं असेल तर डॉक्टरांना विचारून तीन दिवसांच्या आत औषध घ्या. गाळ ओला असतानाच काढा. सांगली-कोल्हापूर (2019) आणि चिपळूण (2021) इथल्या पुरांनंतर घराघरांत साचलेला गाळ वाळल्यावर फावड्यानेही निघेना. गाद्या, उशा, फुगलेलं एमडीएफ टाकून द्या. फरशी आणि भिंती साबणाने धुतल्यावर लिटरमागे 15 ग्रॅम ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या.

पुराचं पाणी खालच्या टाकीत शिरलं तर?

पूर्ण उपसून, आत माणूस न उतरवता बाहेरूनच ब्रश आणि जेटने आतल्या भिंती घासून घ्या. भरल्यावर दर 1000 लिटरला 150 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घ्या. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी टाकीत ओता. प्रत्येक नळाला क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, मग 24 तास सगळं बंद ठेवा. हे पाणी पिऊ नका, भांड्यांनाही वापरू नका. सगळं सोडून देऊन पुन्हा भरा, आणि पुढचे काही दिवस पिण्याचं पाणी उकळून घ्या.

रंग कधी लावायचा?

भिंत आतून वाळल्यावर. हात लावून ते कळत नाही. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि 24 तासांनी काढा. कागदाच्या आत थेंब किंवा खाली गडद डाग दिसला तर थांबा. पांढरा खार फुटला असेल तर कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने पुसला तर तो पुन्हा आत मुरतो. पुट्टीखाली ओल दाबली की पुढच्या दिवाळीआधी पोपडे येतात.

विमा मिळतो का?

भारत गृह रक्षा पॉलिसीत पूर आणि टाकी किंवा पाईप अचानक फुटून झालेलं नुकसान धरलेलं आहे. महिनोन् महिने झिरपून आलेली ओल सहसा धरत नाहीत. पाणी काढायला लागण्याआधी भिंतीवरची पातळीची रेघ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ काढा, फुटलेला तुकडा जपून ठेवा आणि विमा कंपनीचा सर्वेअर येईपर्यंत भिजलेलं सामान एका कोपऱ्यात लावून ठेवा. घर वाळवणं मात्र त्याच्यासाठी थांबवू नका.